मदत हवी आहे : नाकाशी नातं सांगणारे 'एसएन'चे इंग्रजी शब्द

मंडळी, 'एसएन' या जोडीने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांची अर्थासह यादी करतेय, त्यात मदत हवी आहे.

स्निफ म्हणजे हुंगणं, स्नीझ शिंकणं, स्नोअर घोरणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्नाउट म्हणजे जनावराचं मुस्कट. सगळे नाकापाशीच येतात! तुच्छतेने हसणाऱ्या स्नीअरमध्येसुद्धा नाक मुरडणं आहेच. स्नो, स्नेक, स्नेल मात्र या घरचे नाहीत, ते वेगळे ठेवलेत.

अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनिजोडीला भाषाशास्त्रात फोनेस्थीम म्हणतात. ही संज्ञा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये आणली. मला सगळ्यात आवडली ती स्नीझची गोष्ट. जुन्या इंग्रजीत तो शब्द 'एफएन'ने सुरू व्हायचा, नंतर 'एसएन'च्या गोतावळ्यात आला.

तर, नाकाशी संबंधित आणखी कोणते शब्द माझ्याकडून सुटलेत? आणि स्नॅच, स्नॅप, स्निप या झटकन होणाऱ्या कृतींचा वेगळा गट करावा का? मला तरी करावासा वाटतो. (ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट असे 'जीएल'चे चमकणारे शब्दही जमवायचेत, पण ते नंतर.)

शब्दासोबत अर्थ आणि एखादं वाक्य दिलंत तर फार बरं होईल.