पावसाळी राजगड: चोरदरवाज्याने ३४ जणांचा ग्रुप न्यावा का?

कातळवाट:
जुलै लागला की रविवारच्या राजगडाच्या जाहिराती सुरू होतात. पुण्याहून एकदिवसीय, गुंजवणे मार्ग, चहा-नाश्ता-जेवण-प्रवास सगळं धरून, ‘मर्यादित जागा’. मर्यादित म्हणजे किती? ३४, नाहीतर ५१. हा सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा पाढा आहे. वाट किती जणांना झेपेल हे कुणी विचारत नाही, गाडी भरली की ग्रुप ठरला. माझं म्हणणं साधं आहे: पावसात चोरदरवाज्याने एका ग्रुपमध्ये १५ च्या वर माणसं नेऊ नयेत.

हिशोब मांडतो, खोडून दाखवा. गुंजवण्याहून सोंडेने चढून रान संपलं की शेवटचा कातळटप्पा लागतो. पाय ठेवायला खोबण्या, धरायला रेलिंग आणि वर वाकून आत शिरावं लागेल एवढाच चोरदरवाजा. तिथून पुढे पद्मावती तळं. इथे एका वेळी एकच माणूस. ओल्या कातळावर नवख्या माणसाला चढायला सरासरी दोन मिनिटं धरा, उतरायला तीन. ३४ जण चढायला ६८ मिनिटं, उतरायला १०२. आणि हे वाट मोकळी असेल तर. रविवारी ती मोकळी नसते. वरून येणारे आणि खालून जाणारे त्याच रेलिंगला लटकलेले असतात.

आता उतरण्याची वेळ बघा. तीनला उतरायला सुरुवात केली तर शेवटचा माणूस टप्प्याखाली येतो पावणेपाचला. तिथून गावापर्यंत चिखलातून नवख्यांना दोन तास. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असला तरी ढग उतरलेले असताना रानात साडेसहालाच दिसेनासं होतं. म्हणजे सगळं वेळेवर होऊनसुद्धा शेवटचे पाच-सात जण टॉर्चवर उतरणार. टॉर्च आणलेले त्यातले किती, हा वेगळाच प्रश्न.

आणि रांगेत थांबणं हा नुसता वेळेचा प्रश्न नाही. चालताना अंग गरम असतं. वाऱ्याच्या तोंडावर भिजलेल्या सुती टी-शर्टात वीस मिनिटं उभं राहिलं की हुडहुडी भरते, बोटं बधिर होतात आणि त्याच बोटांनी पुढे रेलिंग धरायची असते. पावसात तहान लागत नाही म्हणून सकाळपासून पाणी पोटात गेलेलं नसतं, त्यामुळे पोटरीत गोळे येतात तेही नेमके तिथेच.

माचीवरचा_वारा:
हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकला. तुम्ही जे सिद्ध केलंत ते एवढंच की मोठ्या ग्रुपसाठी ती वाट चुकीची आहे. ग्रुप मोठा असणं चुकीचं आहे हे त्यातून निघत नाही.

राजगडाला पाली दरवाजा कशासाठी आहे? तो राजमार्ग. बांधलेल्या पायऱ्या, दोन भक्कम दरवाजे, दोन माणसं समोरासमोर आली तरी बाजूला होता येतं. वाजेघर-पाली बाजूने तिथे ३४ जण आरामात जातात. कुणाची पोटरी धरली तर पायरीवर बसवता येतं, मागची रांग अडत नाही.

दुसरं, माणसं विभागता येतात. दर आठ नवख्यांमागे एक अनुभवी, शिवाय पुढे वाट दाखवणारा एक लीड आणि सगळ्यांच्या मागे राहणारा एक स्वीप. ३४ मध्ये हे सहा जण झाले. सतरा-सतराच्या दोन तुकड्या करायच्या, पाऊण तासाचं अंतर ठेवायचं.

आणि मोठे ग्रुप बंद केलेत तर ती माणसं घरी बसणार नाहीत. पाच जण गाडी काढतील, मोबाईलवर वाट बघतील आणि एकालाही डोंगराची सवय नसताना जातील. वेळेवर मागे फिरवणारा माणूस त्यांच्यात नसतो. खर्चाचंही बघा. गाडीचं भाडं समजा आठ हजार. सतरा जणांत डोई ४७० च्या आसपास, बारा जणांत ६६५ च्या वर. कॉलेजच्या पोरांना हा फरक जाणवतो.

कातळवाट:
@माचीवरचा_वारा, तुकड्या कागदावर राहतात. चढताना पाऊण तासाचं अंतर असतं, मान्य. मग पद्मावती देवीच्या देवळापाशी पहिली तुकडी दुसरीची वाट बघते, कारण जेवणाचे डबे एकत्र आलेले असतात आणि ग्रुप फोटो व्हायचा असतो. उतरताना पुन्हा ३४ ची एकच रांग. अंतर राखायचं असेल तर जेवण वेगळं, माहिती सांगणारा वेगळा, उतरण्याची वेळ वेगळी आणि गाडीही वेगळी हवी. मग तो एक ग्रुप राहिलाच कुठे?

पालीबद्दल मात्र तुमचं म्हणणं धरून चालू. पण ‘चोरदरवाज्याचा थरार’ असं लिहिल्याशिवाय जाहिरात खपत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

दोरखंड:
दोघांनीही रेलिंग पक्की आहेत असं गृहीत धरलंय. पावसाळ्यात पहिल्यांदा बघायची गोष्ट तीच. लोखंडी खांब जिथे कातळात बसवलाय तिथे पाणी मुरतं, गंज बुडाशी धरतो आणि वरून रंग चांगला दिसतो. लीडने आधी जाऊन प्रत्येक खांब हाताने हलवून बघायचा. जो हलतो तिथे ‘हा धरू नका’ असं सांगायला माणूस उभा करायचा. रेलिंग तोल सांभाळायला आहे, अंगाचं सगळं वजन टाकायला नाही. दोन खांबांच्या मधल्या भागावर एकच माणूस.

जास्त राग येतो तो दोर आणणाऱ्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर आणतात, त्याच हलणाऱ्या खांबाला बांधतात आणि सगळ्यांना ‘धरा’ म्हणतात. ओला बारीक दोर मुठीतून सरकतो. वर एक घसरला की दोराला हिसका बसतो आणि खाली धरलेले तिघं उपटले जातात. दोर लावायचाच तर प्रस्तरारोहणाचा, निदान १० मिलिमीटर जाडीचा, नैसर्गिक आधाराला दोन ठिकाणी बांधलेला आणि लावणारा प्रशिक्षण घेतलेला. कातळात खिळा-बोल्ट ठोकायचा विचारही नको. गड राज्य पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे.

उतरताना तोंड कातळाकडे. पाठ टेकून बसत उतरणाऱ्यांची सॅक मागे अडकते आणि तीच माणसाला पुढे ढकलते. पोंचो असेल तर टप्प्यापाशी काढायचा किंवा कमरेला खोचायचा, नाहीतर स्वतःचे पायच दिसत नाहीत. छत्री सॅकमध्ये. काठीही सॅकला बांधून, दोन्ही हात मोकळे.

भिजका_पापड:
+१. बुटांचंही लिहा की. महागडे रनिंग शूज घालून आलेला माणूस शेवाळावर पहिला बसतो. तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. म्हणून तर अर्धा सह्याद्री अजून ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांवर चालतो. आणि जीन्स घालून येणाऱ्याला गाडीत बसायच्या आधीच परत पाठवा.

घाटमाथा_४११:
तुम्ही सगळे ‘कसं न्यायचं’ यावर भांडताय. मुळात जुलैच्या रविवारी नवख्यांना न्यायचंच कशाला? ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. प्रशासनाला दरवेळी हेच करावं लागतं. गड कुठे पळून जात नाही. ऑक्टोबरात जा, हवा स्वच्छ असते, तोरणा समोर दिसतो. धुक्यात ३४ जणांना काय दाखवता? एकमेकांच्या सॅका?

भाकरी_पिठलं:
@घाटमाथा_४११, आदेश निघतात ते मुख्यतः धबधबे आणि धरणांवरच्या हुल्लडीमुळे. निघायच्या आधी त्या आठवड्याचा आदेश बघावा हे खरं, नाहीतर फाट्यावरून परतावं लागतं. पण सरसकट बंदीचा फटका कुणाला? गुंजवण्यात पार्किंग, भाकरी-पिठलं, चहा यांवर घरं चालतात आणि त्यांचा हंगाम पावसाळ्याचे हे चार रविवार. गावातला वाटाड्या घेतला की वर ढग किती बसलाय, कुठली घळ वाहतेय हे खालूनच कळतं. जाहिरातीत ‘लोकल गाईड’ लिहिणारे किती जण खरोखर गावातला माणूस घेतात ते विचारा.

ऑक्टोबरचं म्हणाल तर तेव्हा दुपारी विजा पडतात. उघड्या माचीवर ते पावसापेक्षा बरं नव्हे.

मागे_फिरा:
ग्रुप १५ चा की ३४ चा यापेक्षा एक प्रश्न मोठा आहे आणि तो कुणीच काढला नाही: ट्रेक रद्द झाला तर पैसे परत मिळतात का?

बहुतेक ठिकाणी ‘कुठल्याही कारणाने पैसे परत नाहीत’ असं असतं. शनिवारी रात्री हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट येतो. आयोजकाने गाडीला आगाऊ दिलेले, गावात जेवण सांगितलेलं. तो म्हणतो, ‘जाऊन बघू.’ गावात पोचल्यावर म्हणतो, ‘रानापर्यंत जाऊ.’ टप्प्याखाली पोचल्यावर मागे फिरा म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण ३४ जणांनी पैसे भरलेत आणि सगळे चोरदरवाजा बघायलाच आलेत.

म्हणून नियम आधी लिहून द्यायचे, पैसे घेतानाच. मी असे मांडेन. पुण्याच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल तर ट्रेक रद्द आणि गाडीचा झालेला खर्च सोडून बाकी परत. ऑरेंज असेल तर चोरदरवाजा रद्द. शहराचा अंदाज बघून उपयोग नाही, पुण्यात रिमझिम असताना घाटमाथ्यावर धो-धो चालू असतो. ऑरेंज म्हणजे अतिमुसळधार, २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, रेड त्याच्याही वर. आणि आदल्या दोन-तीन दिवसांत किती पडला तेही बघा. माती पाणी पिऊन जड झालेली असते, दगड सुटतात ते ऊन पडल्यावरसुद्धा.

परत फिरायची वेळही आधीच जाहीर करा. साडेअकरापर्यंत पद्मावती माचीवर नसाल तर जिथे असाल तिथून मागे. तिथे चर्चा नाही.

माचीवरचा_वारा:
@मागे_फिरा, हे सोन्यासारखं आहे. पण एक अडचण: पैसे परत द्यायचे तर फी वाढते किंवा गाडी ठासून भरावी लागते. लहान ग्रुपवाल्याला एक रद्द झालेला रविवार महिनाभर पुरतो. मोठ्या ग्रुपवाल्याला तो सोसतो. म्हणजे तुमचा नियम पाळायची ऐपत ३४ वाल्याकडेच आहे.

कातळवाट:
सोसतो, पण सोसत कुणी नाही.

दोरखंड:
मोजणीबद्दल एक राहिलं. ‘सगळे आले का रे?’ याला मोजणी म्हणत नाहीत. जो आला नाही तो उत्तर कसा देणार? प्रत्येकाला नंबर, नंबर पुकारायचे आणि जोड्या लावायच्या. गाव सोडताना, रान संपतं तिथे, टप्प्याच्या वर, देवळापाशी आणि उतरताना याच जागी उलट क्रमाने. स्वीपच्या मागे कुणी नाही राहिलं याची खात्री स्वीपनेच द्यायची. त्याच्याकडे शिटी, टॉर्च, मीठ-साखर, क्रेप बँडेज आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा स्वेटर. शेवटी हुडहुडी भरलेला माणूस नेहमी त्याच्याच वाट्याला येतो. वर रेंज येते-जाते, तेव्हा ११२ ला फोन करायचा झाला तर जिथे रेंज मिळाली ती जागा सोडायची नाही.

भिजका_पापड:
पाली मार्ग घेतला तर प्रश्न मिटला ना मग?

कातळवाट:
अर्धाच. माचीवर पोचाल, पण पुढे बालेकिल्ला आहे. ती चढण चोरदरवाज्याइतकीच अरुंद, उलट जास्त उभी, आणि जायची-यायची वाट एकच. पालीने आणलेले ३४ जण तिथे पुन्हा त्याच रांगेत.

माचीवरचा_वारा:
पावसात बालेकिल्ला वगळायचा. सुवेळा माचीकडे न्या, वेळ असेल तर संजीवनी. संजीवनीवर दुहेरी तटाच्या मधल्या नाळेत पाणी साचतं आणि तळाचे दगड बुळबुळीत होतात, तिथे वरूनच बघायचं. सुवेळ्याच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा असेल तर चढवायचं नाही.

भिजका_पापड:
बालेकिल्ला नाही, नेढं नाही, चोरदरवाजा नाही. लोक पैसे परत मागतील.

मागे_फिरा:
मागू देत. म्हणून तर जाहिरातीत आधीच लिहायचं: पाली मार्गे पद्मावती आणि सुवेळा, बालेकिल्ला हवामान बघून. ज्याला पटेल तोच पैसे भरेल, आणि मग बघा ३४ होतात की १५.