वेग वाढवला की लष्करी मदत सुधारते का?

सदाफुली:
अमेरिकेने परदेशांना द्यायच्या लष्करी मदतीचा कारभार सुधारायचा म्हणजे नक्की काय करायचं? ९ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी शस्त्रविक्री वेगवान करायचा आदेश काढला, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना हाच विषय. यजमान म्हणतात, मित्रदेश ऑर्डर देऊन वर्षानुवर्षं ताटकळतात, तेव्हा वेग हीच सुधारणा. मला पटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही. कुणाला जवळून माहिती आहे का?

इंजिनफिटर_नाशिक:
ताई, मी एअर फोर्समध्ये वीस वर्षं इंजिन फिटर होतो. अमेरिकेच्या फायली मी पाहिलेल्या नाहीत, पण विमान जागेवर का बसतं ते पाहिलंय. आमचं एक विमान मुठीत मावेल एवढ्या व्हॉल्व्हसाठी अकरा दिवस उभं होतं. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या विमानाचा काढून बसवला. याची टोपी त्याच्या डोक्यावर. एक उडालं, दुसऱ्याच्या कार्डावर आणखी एक नग कमी. वरच्या कागदात मात्र दोन्ही विमानं 'आहेत'.

आता अफगाणिस्तान बघा. तिथल्या हवाई दलासाठी अमेरिकेने इटलीची वापरलेली २० जी-२२२ मालवाहू विमानं घेतली. कार्यक्रमाचा खर्च ५४ कोटी ९० लाख डॉलर. सुटे भाग मिळेनात, देखभाल जमेना. २०१४ मध्ये त्यातली १६ काबूलला भंगारात काढली, हाती आले ४० हजार डॉलरच्या आसपास. हीच विमानं दोन वर्षं लवकर पोचली असती तर काय झालं असतं? भंगारवाला दोन वर्षं लवकर आला असता.

दुसरं, हेलिकॉप्टर. अफगाण मेकॅनिकांचा हात रशियन एमआय-१७ वर बसला होता, बरीचशी देखभाल ते स्वतःच करायचे. रशियन माल नको म्हणून त्यांना अमेरिकन ब्लॅक हॉक दिली. त्यांची देखभाल जवळपास सगळी परदेशी कंत्राटदारांकडे. २०२१ मध्ये कंत्राटदार निघाले आणि पाने-स्पॅनर धरणारे हातच गेले. फिटर एका दिवसात तयार होत नाही हो. मला एकट्याने इंजिनाला हात लावायची परवानगी मिळायला काही वर्षं लागली, आणि मी मला येणाऱ्या भाषेतलं मॅन्युअल वाचत होतो!

पोटोमॅककाठचा_पुणेकर:
काकांच्या म्हणण्याला कागदाची जोड देतो. अडचणीचं एक मूळ म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी: अमेरिकेची लष्करी मदत परराष्ट्र खातं आणि पेंटागॉन (संरक्षण खातं) असे दोघं देतात. परराष्ट्र खात्याचा अधिकार १९६१ च्या परदेशी मदत कायद्यातून आणि १९७६ च्या शस्त्र निर्यात कायद्यातून येतो. पेंटागॉनकडे स्वतःचा वेगळा निधी आहे, परदेशी सैन्यांना साहित्य आणि प्रशिक्षण द्यायचं त्याचं मुख्य कलम ३३३. दोघांचे हिशेब वेगळे, संसदेतल्या समित्याही वेगळ्या. २०१७ च्या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्याने हे थोडं आवरलं. मदतीचं मूल्यमापन करा आणि हे काम करणारा प्रशिक्षित कर्मचारीवर्ग उभा करा, असं त्यात लिहिलंय. सिनेटर लेही यांच्या नावाचा कायदा तर १९९० च्या दशकापासूनचा: मानवी हक्क पायदळी तुडवणाऱ्या तुकडीला मदत नाही.

आणि हो, विमानाबरोबर सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल एकत्र द्यायची ही पद्धतसुद्धा नियमावलीत आहे. 'टोटल पॅकेज' म्हणतात. कागदावर काही कमी नाही.

धुळ्याचा_बंड्या:
वेगाला इतकं हसू नका. तैवानने २०१९ मध्ये अमेरिकेकडून ६६ नवी एफ-१६ लढाऊ विमानं मागवली, पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. समोर चीन उभा असताना त्यांनी मॅन्युअल वाचत बसायचं का?

इंजिनफिटर_नाशिक:
बंड्या, मान्य. तैवानला उशीरच जाच आहे, कारण त्यांची माणसं जुन्या एफ-१६ वर पंचवीस-तीस वर्षं काम करतायत. ज्याच्याकडे हँगर आणि फिटर आहेत त्याला लवकर द्या. ज्याच्याकडे नाहीत त्याला आधी फिटर द्या, मग विमान. एकच आदेश दोघांना कसा लागू होणार?

आपणही धडा घेतलाय म्हणता येत नाही. भारताने मालदीवला दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर दिलं. मे २०२४ मध्ये आपले जवान परतले, त्यांच्या जागी आपलेच नागरी तंत्रज्ञ गेले. आणि त्यांचे संरक्षणमंत्री घासन मौमून यांनी पत्रकारांना सांगितलं, ही विमानं चालवू शकेल असा माणूस आमच्या सैन्यात नाही. एवढी वर्षं ती तिथे होती!

मला सुधारणा करायला बसवलं तर मी एकच काम सांगेन. विमान दिल्यावर तीन वर्षांनी न कळवता हँगरमध्ये जा, किती उभी, किती उडतात, आणि उभं असेल तर कुठल्या नगासाठी, ते तिथल्या फिटरला विचारा. साहेबाला नाही. पुढच्या वर्षीचा पैसा त्या यादीवर ठरवा.

सदाफुली:
आभार काका. धागा यजमानांना वाचायला दिला. म्हणाले, "बंड्या बरोबर बोलतोय." तिथून पुढे वाचलंय असं वाटत नाही.