तट्टू विकण्याआधी
मुलगी मोठी झाली, तट्टूवर बसल्यावर तिचे पाय खाली लोंबायला लागले, तर तट्टूचं काय करायचं, या प्रश्नावर ‘नुसतं बांधून ठेवू नका, सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारात, विकून मोकळे व्हा’ असं कुणीतरी सुचवलंय. नुसतं बांधून ठेवू नये, हे अगदी पटतं. मुलाच्या दहावीच्या वर्षी आमचं तट्टू उभंच होतं. खाऊन सुटलं आणि एक दिवस पुढचे पाय ताणून मागे रेललेलं दिसलं. खुरं चांगलीच तापलेली. डॉक्टर म्हणाले, लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत येणारी दुखरी सूज.

पण बाजारात पुढचा मालक कसा निघेल सांगता येत नाही, आणि तट्टू 25-30 वर्षं जगतं हो! बरं झाल्यावर आम्ही ते ओळखीच्या रायडिंग क्लासला वापरायला दिलं, मालकी आमचीच. बसणाऱ्याचं वजन, नालबंदाचा खर्च, परत घ्यायची अट, सगळं कागदावर लिहून घेतलं. मुलगा अजून दर रविवारी खरारा करायला जातो.