प्रमुख बदलून भागतं का?
वरचा माणूस बदलला की पोलीस खातं सुधारतं, असं एकांनी लिहिलंय. अमेरिकेतलं मिनिआपोलिस शहर बघा. तिथले पोलीस अधिकारी मेडारिया अराडोंडो यांनी २००७ मध्ये आणखी चार कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांसोबत आपल्याच खात्यावर वर्णभेदाचा दावा लावला होता. २०१७ मध्ये तेच प्रमुख झाले. याहून योग्य माणूस कुठून आणणार? तरी २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेलाच. मारणारा पोलीस डेरेक शॉविन तर, डझनाहून जास्त तक्रारी असूनही, नवख्यांना शिकवायला नेमलेला! २०१९ मध्ये महापौरांनी 'योद्धा' छापाचं (समोरचा प्रत्येक माणूस धोका आहे असं धरून वागायला शिकवणारं) पोलीस प्रशिक्षण बंद केलं, तर पोलीस युनियनने ते फुकट देऊ केलं. शिवाय प्रमुखाने बडतर्फ केलेला पोलीस लवादाकडे (वाद सोडवणाऱ्या त्रयस्थाकडे) जाऊन नोकरीत परत येऊ शकतो. अराडोंडोंनी २०२१ मध्ये कोर्टात शॉविनविरुद्ध साक्ष दिली, ते मात्र मानायला हवं.