बारशाला ठेवलेले नाव दाखल्यावर चढण्याआधी बदलावे की नाही?

बाळंतविडा :
आमच्या मुलीचे बारसे बाराव्या दिवशी रीतसर झाले. वन्सांनी तिच्या कानात ‘विदिशा’ हे नाव सांगितले, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले आणि पेढे वाटले गेले. नाव सासूबाईंनी काढले होते, कारण मुलगी रोहिणी नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली आणि पंचांगात त्या चरणाला ‘वी’ हे अक्षर आहे. मला कोणी विचारले नाही, असे मी म्हणणार नाही. विचारले, पण सिझेरियनचे टाके ओढत असताना आणि सलग दोन तास झोप मिळत नसताना विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणून मोकळे होण्यापलीकडे मला काही सुचणे शक्य नव्हते. आम्हा दोघांच्या मनात आधीपासून ‘मुक्ता’ होते.

आता दोन-अडीच महिने झाले. घरात तिला विदिशा म्हणून कोणीही हाक मारत नाही. सासूबाई स्वतः ‘छबू’ म्हणतात. नगरपालिकेत जन्माची नोंद झाली आहे, पण नावाचा रकाना अजून कोरा आहे. माझे मत असे आहे की बारशाचा दिवस आत्याची रजा, हॉलची तारीख आणि पाहुण्यांची सोय पाहून ठरतो, त्यामुळे त्या दिवशी उच्चारलेले नाव हा अखेरचा शब्द मानण्याचे कारण नाही, आणि आई-वडिलांनी पहिल्या काही महिन्यांत त्याचा फेरविचार केला तर त्यात अपशकुनही नाही आणि कोणाचा अपमानही नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे.

कृष्णाकाठ :
मला पटत नाही. नाव ठेवणे हा नवरा-बायकोपुरता मामला असता तर पाळणा सजवून चार माणसे बोलवायची गरजच नव्हती. ज्यांनी ते नाव ऐकले, पाळण्यात गुंफून म्हटले आणि गावी जाऊन सांगितले, त्यांना आता ‘ते नाव रद्द समजावे’ असे कळवणार आहात काय? हाक मारत नाहीत, हा तर युक्तिवादच नव्हे. अडीच महिन्यांच्या बाळाला कोणत्याही घरात छबू, पिल्लू, सोनू असेच म्हणतात आणि खरे नाव तोंडात बसते ते मूल अंगणवाडीत जाऊ लागल्यावर. उद्या मुक्ता ठेवलेत तरी सासूबाई छबूच म्हणतील. मुलगा की मुलगी हे आधी कळत नसले, तरी एक मुलाचे आणि एक मुलीचे अशी दोन नावे काढून ती बाळंतपणाआधीच वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायला कोणाची आडकाठी नव्हती.

निवृत्त लिपिक :
जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून भावनेची बाजू इतरांवर सोडून कागदाची बाजू सांगतो. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, मात्र नाव तेव्हाच द्यावे लागत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १४ मध्ये नावाविना झालेल्या नोंदीत नाव मागाहून घालण्याची सोय आहे. १२ महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क पडत नाही आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. म्हणजे कायद्याच्या लेखी या मुलीला अद्याप नाव नाही आणि आज आई-वडील जे लिहून देतील तेच तिचे पहिले नाव ठरेल.

एकदा रकाना भरला की मात्र सगळे पालटते. कलम १५ चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी आहे. तीही मूळ नोंद न खोडता समासात करायची असते, आणि ‘आमचे मत बदलले’ ही चूक त्या कलमात सहसा बसवता येत नाही. मग राजपत्रात नाव प्रसिद्ध करून एकेक कागद बदलत फिरणे आले, त्यातही आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे त्यावरचे नाव पूर्वीसारखे ‘पुढे शाळेत घालताना बघू’ म्हणून सोडता येत नाही. बदलायचे असेल तर रकाना कोरा आहे तोवर बदलावे, आणि तो भरलेला असेल तर माझे मत कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे.

ओवाळणी :
मी आत्या आहे आणि हे माझ्याबाबतीत घडलेले आहे. भाचीचे नाव मी पाळण्यात ठेवले, ते बदलल्याचे मला तिच्या पहिल्या वाढदिवसाला केकवर लिहिलेले पाहून कळले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही नक्की कोणाची मुलगी, असा प्रश्न पडून मी हातातल्या पाकिटाकडे पाहत होते, कारण त्यावर मी जुने नाव लिहून नेले होते. ‘अपमान नाही’ हे बाळंतविडा यांनी परस्पर ठरवू नये. तो झाला की नाही हे ज्याचे नाव बदलले तो सांगेल. पोर त्यांची आहे, अधिकार त्यांचा आहे, हे मान्य करूनही मी म्हणेन की नाव पसंत नसेल तर बारसे पुढे ढकलावे, पण एकदा केलेले नाव फिरवू नये.

सातारी कंदी :
बारशाचे नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा सूर इथे लागला आहे, तेव्हा आपल्याच चालीरीतींकडे एकदा पाहावे. मुलगी सासरी आली की ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहून तिचे वीस-पंचवीस वर्षांचे नाव पुसण्यात आपल्या समाजाला कधी अवघड वाटले नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला ‘नकुशी’ ठरवत, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींनी जाहीर कार्यक्रमात नवी नावे घेतली; त्यांतल्या कितीतरी शाळेत जाणाऱ्या होत्या. ज्या बाळाला अजून आपले नाव ओळखताही येत नाही त्याच्या बाबतीतच परंपरा आडवी येते, याचे मला नवल वाटते. मुले साधारण साडेचार-पाच महिन्यांची झाली की स्वतःच्या नावाचा आवाज वेगळा ओळखू लागतात, म्हणजे या बदलाने मुलीचे काहीच हिरावले जाणार नाही.

कृष्णाकाठ :
नकुशीची तुलना इथे गैरलागू आहे. ते नाव म्हणजे मुलीच्या कपाळी मारलेला शिक्का होता आणि तो पुसणे हे कर्तव्यच होते. इथे एका आजीने हौसेने, पंचांग उघडून, चांगलेच नाव काढले आहे. लग्नात नाव बदलण्याची चाल मलाही नापसंत आहे, पण ती वाईट म्हणून ही चांगली, असे कसे होईल?

सातारी कंदी :
तुलना नावांची नव्हती, ‘एकदा ठेवले की ठेवले’ या नियमाची होती, आणि असा नियम आपल्याकडे कधीच नव्हता, एवढेच म्हणायचे आहे. नामकरणाच्या विधीत तर देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावे सांगितली आहेत. चरणाक्षराचे नाव पत्रिकेत आणि चालते नाव निराळे, ही सोय जुन्या लोकांनीच करून ठेवली, आणि ती केली नसती तर हस्त नक्षत्राच्या ‘ष’, ‘ण’ आणि ‘ठ’ या चरणांवर जन्मलेल्यांनी काय करायचे होते, हे देवच जाणे.

टेम्सपार :
इंग्लंडमधला अनुभव सांगते. इथे जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते, पण नोंदीनंतर १२ महिन्यांच्या आत बाळाचे पहिले नाव बदलण्याची रीतसर तरतूद आहे. आम्ही ती वापरली, कारण आजी-आजोबांनी व्हिडिओवरून बारसे केले तोवर दाखला निघून गेला होता. फेरविचार ही इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की परक्या देशातल्या कायद्यानेही ती गृहीत धरली आहे, तर घरच्या माणसांनी ती धरायला हरकत नसावी.

बाळंतविडा :
चार नावांचा मुद्दा मी सासूबाईंपुढे मांडला. विदिशा हे जन्मनाव म्हणून पत्रिकेत राहील आणि दाखल्यावर मुक्ता लागेल, यावर त्या ‘तुमची मुलगी, तुम्ही जाणा’ एवढेच म्हणाल्या, आणि त्याला मी होकार मानत नाही. ओवाळणी यांचे म्हणणे मात्र मला लागले, म्हणून अर्ज देण्याआधी वन्सांना मी स्वतः फोन करणार आहे. आईने आणलेल्या चांदीच्या वाटीवर विदिशा कोरलेले आहे. सराफ ते घासून नवे नाव घालून द्यायला तयार आहे, पण ती वाटी आम्ही तशीच ठेवणार आहोत. अर्ज पुढच्या आठवड्यात देऊ.

कृष्णाकाठ :
फोन कराल हे चांगले, पण वन्सांनी ‘नको’ म्हटले तर अर्ज थांबणार आहे काय? थांबणार नसेल तर ती विचारपूस नव्हे, वर्दी झाली. माझे मत कायम आहे.

निवृत्त लिपिक :
अर्जात नाव इंग्रजीतही लिहावे लागेल. मुक्ताच्या शेवटी एक ‘ए’ की दोन, हे घरूनच ठरवून या. टेबलावर येऊन त्यावरून वाद घालणारी जोडपी मी भरपूर पाहिली आहेत, आणि तोवर मागची रांग जिन्यापर्यंत जाते.