शेजारची बस सरकली तर?

गाडी चालतेय की थांबलीय, हे डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यावरून प्रोग्रॅमने कसं ओळखायचं? लागोपाठच्या दोन फ्रेम (चित्रं) एकमेकांतून वजा करायच्या, फरक दिसला की गाडी चालतेय, असा एक उपाय सुचवला जातो. रिकाम्या रस्त्यावर चालेलही. पण सिग्नलला उभे असताना शेजारची बस पुढे सरकली की अर्धी फ्रेम बदलते आणि प्रोग्रॅम म्हणणार, निघालो! (माणूसही फसतो, पाय आपोआप ब्रेकवर जातो.)

त्यापेक्षा ऑप्टिकल फ्लो काढा, म्हणजे चित्रातले बिंदू एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले ते मोजा. त्यासाठीची लुकास-कनाडे पद्धत 1981 ची आहे, ओपनसीव्ही या मोफत प्रोग्रॅमिंग लायब्ररीमध्ये तयार मिळते. गाडी सरळ पुढे जात असेल तर स्थिर वस्तूंवरचे बिंदू समोरच्या एकाच बिंदूपासून चहूबाजूंना पसरतात. बस मात्र एकाच दिशेने सरकते, त्या पसरण्यात बसत नाही. असे बिंदू रॅन्सॅकने (बहुसंख्य बिंदूंशी न जुळणारे बाजूला काढणाऱ्या पद्धतीने) गाळता येतात. चित्रातला बॉनेट आणि वायपरचा भाग आधीच वगळून टाका.

खरी डोकेदुखी मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या ट्रॅफिकची. लांबच्या इमारती चित्रात हलतच नाहीत, म्हणून बॉनेटपुढचा जवळचा रस्ता बघावा लागतो. त्यात इंजिनाची थरथर मिसळते, तेव्हा एका फ्रेमवर निकाल देऊ नका, सेकंदभराची सरासरी घ्या. रात्री पावसात ओल्या डांबरावर दिव्यांची प्रतिबिंबं नाचतात, तिथे नुसत्या कॅमेऱ्यावर माझा भरवसा नाही. चाकाच्या सेन्सरचा वेग मिळत असेल तर तो जोडाच.