मदत हवी आहे: सिग्नल हँडलरनंतर फ्लोटिंग पॉइंटचे आकडे बिघडतायत

नमस्कार मंडळी, मी आणि एक मित्र दादरला त्याच्या घरी बसून एक्स८६-६४ (६४-बिट इंटेल/एएमडी प्रोसेसर) साठी छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितोय. सिग्नल (प्रोग्रॅमला मध्येच दिलेली सूचना) आला की थ्रेडची रजिस्टर्स (सीपीयूतल्या छोट्या साठवणीच्या जागा), फ्लॅग्ज, सिग्नल मास्क सगळं त्याच्याच युजर स्टॅकवर ठेवतो, रेड झोनचे (स्टॅक पॉइंटरच्या खालची, फंक्शन तशीच वापरू शकतं ती जागा) १२८ बाइट सोडून, मग हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) संपला की सिगरिटर्न, म्हणजे ते सगळं परत जागेवर आणणारा सिस्टिम कॉल. फ्रेम युजरच्या हातात असते म्हणून परत घेताना सीएस (युजर की कर्नल मोड ते ठरवणारं रजिस्टर) आणि फ्लॅग्ज तपासतोच, हे अजिबात सोडू नये असं माझं ठाम मत आहे. इंटिजर रजिस्टर्स नीट येतात पण हँडलर चालू असताना थ्रेड स्विच झाला की एक्सएमएम रजिस्टर्समध्ये (फ्लोटिंग पॉइंटचे आकडे असतात ती) भलतंच काहीतरी येतं. एफएक्ससेव्हची (ही रजिस्टर्स मेमरीत साठवणारी इन्स्ट्रक्शन) ५१२ बाइटची जागा १६ च्या अलाइनमेंटवरच आहे. सिगरिटर्नमध्ये एफएक्सरिस्टोर (साठवलेलं परत भरणारी इन्स्ट्रक्शन) थेट सीपीयूवर करायचं, की आधी थ्रेडच्या कर्नलमधल्या कॉपीत टाकायचं? आणि तेवढ्या वेळापुरतं प्रीएम्प्शन (कर्नलने मध्येच थ्रेड बदलणं) बंद ठेवावं लागतं का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.